मीठबंदर रोडवरचं बंदर

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरून खाडीच्या दिशेनं चालू लागलं की चेंदणी कोळीवाड्यातून एक रस्ता जातो. मीठबंदर रोड. माझ्या सातवीच्या वर्गातली पाच मुलं या रस्त्यावर किंवा त्याच्या गल्लीबोळांत राहतात आणि दर जूनमध्ये नव्या वहीच्या पहिल्या पानावर हाच पत्ता लिहितात. त्यांच्यातल्या एका मुलीनं डिसेंबरात, तास संपता संपता, मला विचारलं, "बाई, आमच्या पत्त्यात बंदर आहे. ते कुठाय?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याच रस्त्यानं मी तेरा वर्षं शाळेत येत होते.

त्या प्रश्नामागे आम्ही साधारण दहा आठवडे हिंडलो. एक वर्ग, बेचाळीस मुलं, बहुतेक काम शनिवारी शाळा सुटल्यावर. काय केलं, कुठे चुकलो, कशानं काम पुढे सरकलं ते इथे नोंदवते आहे, कारण आपापल्या गावात असं काही करून बघावं असं वाटणारे शिक्षक आणि पालक मला वरचेवर भेटतात.

आधीची स्थिती

दिवाळीनंतर मी वर्गाला एक साधं काम दिलं होतं: तुमच्या ओळखीच्या पाच ऐतिहासिक जागा लिहा. रायगड सगळ्यांनी लिहिला. शिवनेरी, प्रतापगड, शनिवारवाडा, अजिंठा हेही आलं. ठाण्यातली एकही जागा एकाही कागदावर नव्हती. एका मुलानं तर खाली टीप लिहिली होती, "ठाण्यात फक्त तलाव आहेत." हा मुलगा रोज रिक्षानं मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीला लागून शाळेत येतो, आणि ती भिंत किल्ल्याची आहे.

मुलांचा यात दोष नव्हता. वसईची मोहीम त्यांना तारीखवार पाठ होती. इतिहास म्हणजे सहलीची बस करून जिथे जावं लागतं ते, एवढं मात्र त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं, आणि ते बसवण्यात माझ्यासारख्यांचाही हात होता.

मग मी केलं ते अगदी चुकीचं. दोन तास घेऊन फळ्यावर ठाण्याचा इतिहास सांगितला: शिलाहार, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, रेल्वे. मुलांनी तो मुकाट्यानं उतरवून घेतला. पंधरा दिवसांनी विचारलं तर अर्ध्या वर्गानं ठाण्याचा किल्ला वसईत नेऊन ठेवला होता. मी दिलेल्या उत्तरांचे प्रश्नच त्यांच्याकडे नव्हते. म्हणून त्या मुलीचा प्रश्न आला तेव्हा मी बाकी सगळं बाजूला ठेवलं.

नियम एकच केला. प्रत्येक वहीत तीन रकाने आखायचे: पाहिलेलं, ऐकलेलं, कागदावरचं. जे कळेल ते या तिन्हींपैकी एका रकान्यात गेलंच पाहिजे आणि रकाना बदलायचा असेल तर कारण सांगायचं. एवढ्यावर पुढचं सगळं चाललं.

ओहोटी

पहिल्यांदा गेलो तो पौष शुद्ध अष्टमीचा शनिवार होता. अष्टमी होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं. शाळा सुटल्यावर दुपारी बाराच्या सुमारास आम्ही रस्त्याच्या टोकाला, विसर्जन घाटावर पोचलो. मुलं गणपतीला तिथे येतात, त्यामुळे जागा ओळखीची होती. समोर मात्र पाणी नव्हतंच. लांबवर चिखल, त्यात तिवरांची झुडपं, मधोमध पाण्याची अरुंद पट्टी. चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या आणि मुलांचा निम्मा वेळ त्या बघण्यात गेला. वास येत होता, प्लॅस्टिक पसरलं होतं. 'पाहिलेलं'च्या रकान्यात बहुतेकांनी लिहिलं: "इथे बंदर नाही."

एका मुलाची आजी कोळीवाड्यात राहते, ती आम्हाला बघून आली. ऐंशीच्या पुढची, ताठ चालणारी. मी विचारलं, "आजी, इथे पूर्वी बंदर होतं ना? ते कुठे होतं?"

"बाय, तू उभी हाय ना, तोच बंदर," ती म्हणाली. "खारीन होऱ्या लागाच्या. मिठाच्या."

मुलांनी भराभर लिहून घेतलं. सोमवारी वह्या तपासल्या तर तिघांनी 'खारी'चा अर्थ 'खारं पाणी' असा दिला होता आणि एकीनं 'होऱ्या' म्हणजे पोती असं ठरवून टाकलं होतं. आगरी-कोळी बोलीत 'ड'चा 'र' होतो. खाडीची खारी होते, होडीची होरी होते. वर्गातल्या चार मुलांच्या घरी हीच बोली आहे, पण वर्गात ती बोलायची नसते असं समजून ती गप्प बसली होती. त्या दिवशी मी त्यांना पुढे बोलावलं आणि आजीचं बोलणं वर्गाला समजावून सांगायला लावलं. या सगळ्या उपक्रमात मला सर्वांत समाधान कशाचं असेल तर त्या एका तासाचं. चौघांपैकी एकजण एरवी हजेरीपुरतं बोलायचा. तो पंधरा मिनिटं फळ्यापाशी उभा राहून शब्द लिहीत होता.

प्रश्न मात्र तसाच राहिला. आजी म्हणते हेच बंदर, डोळ्यांना दिसतो चिखल. 'ऐकलेलं' आणि 'पाहिलेलं' एकमेकांशी जुळेनात.

पाऊणपट

आजीनंच तो सोडवला. ती नातवाला म्हणाली, आठमीला दुपारी कोण बंदर बघायला येतं? पुनवेला या.

कोकणात भरतीचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि बाराला ओहोटीचा तळ. आम्ही नेमके तळाला गेलो होतो. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आगेमागे पाणी भरलेलं. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागून चालते, म्हणून हा पाढा जमतो. मुंबई बंदराच्या तक्त्यापेक्षा ठाण्याला पाणी थोडं मागाहून चढतं, कारण ते खाडीतून वर यायला वेळ लागतो. मुलांनी आठवडाभर कॅलेंडरवरची तिथी, पाऊणकीचा पाढा आणि वर्तमानपत्रातली भरतीची वेळ असं ताडून पाहिलं. पाऊणकीचा पाढा आता कुणी शिकवत नाही. माझ्या वडिलांना येत होता, मला येत नाही. मुलांनी गुणाकार करून काम भागवलं.

पुढचा शनिवार शाकंभरी पौर्णिमेचा होता. त्याच वेळी, त्याच जागी गेलो. चिखल गायब होता. पाणी घाटाच्या उताराला लागलं होतं, तिवरांचे फक्त शेंडे वर दिसत होते, आणि मागच्या शनिवारी जी अरुंद पट्टी होती तिथे पलीकडच्या विटाव्यापर्यंत एकसलग खाडी पसरली होती. कुणाची तरी एक होडी, जी आठवड्यापूर्वी चिखलात कलंडलेली होती, ती दोरीला झुलत होती.

ज्या मुलीनं प्रश्न विचारला होता ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, हे बंदर रोज दोनदा येतं आणि दोनदा जातं."

तिच्या वहीत 'पाहिलेलं'च्या रकान्यातलं जुनं वाक्य तिनं खोडलं नाही. त्याच्या खाली तारीख घालून नवीन लिहिलं. मी बाकीच्यांनाही तसंच करायला सांगितलं.

बंदर म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर क्रेन आणि कंटेनर येतात. इथलं बंदर म्हणजे भरतीला होडी काठाला लागेल, फळी टाकून माल चढवता येईल आणि पाणी उतरायला लागलं की त्याच्याबरोबर निघता येईल अशी जागा. त्याला धक्का लागत नाही, भिंत लागत नाही. लागते ती खोल खाडी. गाळ साचत गेला, काठावर भराव पडले, सांडपाणी सुटलं, आणि होडीला लागणारं पाणी कमी होत गेलं. नाव तेवढं रस्त्यावर राहिलं.

मीठ

आता दुसरा शब्द. मीठ कुठून यायचं?

ठाण्याची खाडी म्हणजे साष्टी (ठाणे आणि मुंबईची उपनगरं ज्यावर आहेत ते बेट) आणि मुख्य भूमी यांच्यामधला सुमारे २६ किलोमीटरचा पाण्याचा पट्टा. दोन्ही काठ सखल, पाणी खारं, पावसाळा सोडला तर आठ महिने ऊन. मिठागराला याहून वेगळं काही लागत नाही. पूर्व द्रुतगती मार्गावरून जाताना मुलुंड-भांडुपकडे अजूनही मिठागरांच्या जमिनी दिसतात. वर्गातल्या प्रत्येकानं त्या गाडीतून पाहिल्या होत्या, पण ते मीठ असतं हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. 'आगरी' हा शब्द 'आगर'वरून आला आणि आगर म्हणजे मिठाचंही आगर, हे सांगितल्यावर आगरी घरातल्या एका मुलीनं आपलं नाव वहीवर पुन्हा एकदा, मोठ्या अक्षरात लिहिलेलं मी पाहिलं.

आजीचे सासरे हिवाळा-उन्हाळा मिठागरावर कामाला जायचे आणि पावसाळ्यात खाडीत जाळं टाकायचे. तिनं जे सांगितलं ते असं: उधाणाचं पाणी बांध उघडून आत घ्यायचं, मोठ्या खाचरात साठवायचं, तापू द्यायचं. तिथून पुढच्या खाचरात, मग त्याच्या पुढच्या. दर खाचरात पाणी कमी आणि खार जास्त. शेवटच्या वाफ्याची जमीन आधी पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेली असते, नाहीतर मिठाबरोबर माती येते. पाण्यावर साय धरली की लांब दांड्याच्या फळीनं ओढून काठाला ढीग लावायचे. पहिला पाऊस पडायच्या आत ढीग झाकले नाहीत तर वर्ष पाण्यात. "पाय फाटतात," ती म्हणाली, "आनि फाटलेल्या पायात मीठ जातो." यावर वर्गातलं कुणी काही बोललं नाही.

आम्ही गच्चीवर प्रयोग केला. खाडीचं पाणी हल्ली मुलांच्या हाती द्यावं असं नाही, म्हणून नळाच्या एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम खडे मीठ विरघळवलं, समुद्राच्या पाण्यात क्षार साधारण एवढेच असतात. ते एका स्टीलच्या परातीत ओतून फेब्रुवारीच्या उन्हात ठेवलं. पहिले दोन दिवस काहीच दिसेना. तिसऱ्या दिवशी कडेला पांढरी रेघ आली. चौथ्या दिवशी दुपारी परातीच्या मध्यावर बारीक चौकोनी खडे बसले होते, त्यांतले काही मधोमध खोलगट, उलट्या ठेवलेल्या पायऱ्यांच्या विहिरीसारखे. भिंगातून बघायला रांग लागली. मग एकानं हिशेब मांडला: एक किलो मिठाला साडेअठ्ठावीस लिटर पाणी आटवायला हवं, म्हणजे दोन बादल्या. एका होडीत किती किलो मीठ? मग बादल्या किती? गणिताच्या सरांनी तो हिशेब आनंदानं आपल्या तासाला घेतला.

कागदावरचं शोधायला आम्ही ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो. १ जून १८९३ ला सुरू झालेलं हे ग्रंथालय स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि माझ्या वर्गातल्या दोघांशिवाय कुणी त्याचा उंबरा ओलांडला नव्हता. सन १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये मिठागरांचा तपशील येतो. ते इंग्रजीत असल्यामुळे आम्ही चारच पानं वाचली. पण छापील पानावर आपल्या खाडीचं नाव बघणं वेगळंच असतं. मिठावर इंग्रज सरकारचा कर होता, मुंबई इलाख्यात त्यासाठी १८९० चा स्वतंत्र कायदा होता, आणि सरकारी परवान्याशिवाय मीठ हलवणं गुन्हा होता, हे कळल्यावर १९३० चा मिठाचा सत्याग्रह मुलांना पहिल्यांदा आपल्या घराजवळचा वाटला. दांडी लांब आहे. वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रही गेले ते वडाळा लोकलनं जाता येण्यासारखं आहे. हा कर १९४७ च्या एप्रिलमध्ये उठला.

बंदरांची यादी

इथवर येऊन मी थांबणार होते. मुलांनी थांबू दिलं नाही. एकजण बसच्या पाट्या वाचत घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी यादी घेऊन आला: घोडबंदर, नागलाबंदर, रेतीबंदर, मीठबंदर. सगळी ठाणे जिल्ह्यातली. रेतीबंदरला खाडीतली रेती उतरायची. घोडबंदरला घोडे उतरायचे असं सांगतात. ते आम्ही 'ऐकलेलं'मध्येच ठेवलं.

मग वर्गाच्या मागच्या बाकावरून प्रश्न आला: "बाई, पहिली रेल्वे बोरीबंदरवरून सुटली ना?"

हो. १६ एप्रिल १८५३, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी. चौदा डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी, ३४ किलोमीटरचा प्रवास. हे आकडे मी पंधरा वर्षं शिकवते आहे. पण गाडी एका बंदरावरून सुटली आणि खाडीच्या काठाशी येऊन थांबली, असं मी कधी पाहिलंच नव्हतं. ती ठाण्याला का थांबली? कारण पुढे पाणी होतं. खाडीवर पूल झाला आणि १ मे १८५४ ला गाडी कल्याणला गेली. तोवरचं एक वर्ष ठाणे हे शेवटचं स्टेशन होतं.

माझ्यासाठी या प्रकरणाचा कणा इथे हाती लागला. आज ठाण्याचं तोंड स्टेशनकडे, हायवेकडे, तलावपाळीकडे आहे. खाडी पाठीमागे पडली आहे, कचऱ्याच्या गाड्या जातात तिकडे. पण इथली जी जी जुनी गोष्ट आपण उचलू ती खाडीकडे तोंड करून उभी असते. मुलांना मी हे सांगितलं नाही. पुढच्या तीन शनिवारी ज्या ज्या जागी गेलो तिथे फक्त एक प्रश्न विचारायचा ठरवलं: इथून खाडी कुठल्या बाजूला?

स्टेशनच्या पादचारी पुलावर उभं राहून विचारलं तेव्हा दिसलं की चेंदणी कोळीवाडा रुळांच्या दोन्ही बाजूंना आहे. आजी म्हणायची, आगगाडीनं आमचं गाव कापलं. एका मुलानं लगेच आक्षेप घेतला: आजी ऐंशीची, रेल्वे पावणेदोनशे वर्षांची होत आली, मग आजीनं पाहिलं कसं? बरोबर आक्षेप होता. आजीला तिच्या आजीनं सांगितलं, आणि त्या आजीनंही ते कुणाकडून तरी ऐकलेलं. रकाना 'ऐकलेलं'. पण रुळांच्या अल्याड-पल्याड एकाच नावाचा कोळीवाडा आहे, ते 'पाहिलेलं'. दोन्हीकडे एकमेकांची सोयरीक आहे, हे त्यांनी स्वतः विचारून आणलं, ते 'ऐकलेलं'. कोळीवाड्यात नाखवा हे आडनाव आहे. नाखवा म्हणजे गलबताचा मुख्य. रेल्वेच्या कितीतरी आधीची गोष्ट रोज हजेरीपटात वाचली जाते.

भिंत

कारागृहात मुलांना जाता येत नाही, जायचं कारणही नव्हतं. आम्ही बाहेरून, रस्त्याच्या कडेनं भिंतीबरोबर चाललो. पोर्तुगीजांनी हा किल्ला बांधायला घेतला आणि तो पुरता होण्याआधी १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं. वसई पडली ती त्यानंतर दोन वर्षांनी. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी तो घेतला. खाडी कुठल्या बाजूला? हाकेच्या अंतरावर. साष्टीत शिरणारी वाट याच पाण्यावरून होती, म्हणून भांडण या जागेवरून.

इथे मी मुलांना त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट सांगितली. पेशव्यांचे कारभारी, गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी त्यांना इथे कैदेत ठेवलं होतं. पहारा गोऱ्या शिपायांचा. खिडकीखाली एक मराठा मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाणं म्हणायचा, आणि त्या गाण्यातच पळून जाण्याची सगळी योजना सांगितलेली असायची. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं. सप्टेंबर १८१६ मधल्या एका रात्री त्रिंबकजी निसटले. १८२५ मध्ये ठाण्याला आलेल्या बिशप हेबरनं ही हकिगत लिहून ठेवली आहे. म्हणजे निसटणं 'कागदावरचं', आणि गाणं हेबरनं जसं ऐकलं तसं. मुलांनी दोन्ही रकान्यांत विभागून लिहिलं, मला सांगावं लागलं नाही.

याच भिंतीआड १९ एप्रिल १९१० ला नाशिकच्या जॅक्सन वधातले क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. वर्गातल्या एका मुलाचा मोठा भाऊ अठराचा आहे. तो मुलगा भिंतीपाशी थांबला, चप्पल काढली आणि हात जोडले. मग एकेक करून बाकीच्यांनीही. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या.

त्या भागातलं आणखी एक. १७८७ मध्ये ठाण्यात किल्ल्याच्या कामासाठी खणताना ताम्रपट सापडले, शिलाहार राजा अरिकेसरीचे, शक ९३९ म्हणजे सन १०१७ चे. त्यांत या गावाचं नाव येतं: श्रीस्थानक. ठाणे हे नाव पोलीस ठाण्यावरून पडलं असं पंचवीस मुलांना वाटत होतं. तलावपाळीला कोपिनेश्वराचं मंदिर आणि सेंट जॉन चर्च आम्ही एकाच दुपारी उरकलं, आणि ते घाईत झालं हे मान्य करते. चर्चपाशी मात्र एक गोष्ट मुलांना भावली. १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती संन्यासी होर्मुझहून जहाजानं कोल्लमला निघाले होते, ते ठाण्याला लागले आणि इथेच मारले गेले. जहाजानं ठाण्याला! खाडी कुठे, हा प्रश्न तेव्हा मुलांनीच मला विचारला.

काय बिनसलं

भुयार बिनसलं. एका गटानं ठामपणे लिहून आणलं की तुरुंगापासून चर्चपर्यंत, आणि तिथून थेट घोडबंदरपर्यंत भुयार आहे. चार घरांतल्या चार मोठ्या माणसांनी सांगितलं होतं. मी विचारलं, यांतल्या कुणी ते पाहिलं आहे? कुणी नाही. कुणाकडून ऐकलं? प्रत्येकानं दुसऱ्याकडून. एका पालकांना राग आला, मुलासमोर त्यांना खोटं पाडलं असं वाटलं. मी त्यांच्या घरी गेले, चहा घेतला, सांगितलं की त्यांचं नाव 'ऐकलेलं'च्या रकान्यात मानानं आहे, फक्त त्याच रकान्यात आहे. ते अजून पुरते खूश नाहीत. पुढच्या वेळी पालकांना रकाने आधीच समजावून सांगेन.

दुसरी चूक माझी. पश्चिमेच्या कोळीवाड्यात आणि महागिरीत आम्ही गेलोच नाही. मीठबंदरची गोष्ट एका आजीवर उभी राहिली. तिच्याबरोबर आणखी तिघी-चौघी हव्या होत्या.

फळी

मार्चमध्ये वर्गात छोटं प्रदर्शन मांडलं. आदल्या संध्याकाळी आजीच्या नातवानं माळ्यावरून उतरवलेली एक वस्तू आणली: दोन हात लांब फळी, मधोमध भोक, त्यात एकेकाळी दांडा बसवलेला असावा. खालची कड मध्यावर झिजून अर्धचंद्रासारखी झाली होती, दोन टोकं मात्र शाबूत. सासऱ्यांची मीठ ओढायची फळी. घरात ती बरीच वर्षं डबे ठेवायला वापरत होते. भेगांमध्ये पांढरं काही होतं. दोघा-तिघांनी बोट लावून चाखलं.

बंदराचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनं फळीसाठी कार्ड लिहिलं. पाहिलेलं: लाकडी फळी, मध्यभागी झिजलेली, भेगांत मीठ. ऐकलेलं: खाडीच्या काठच्या मिठागरावर मीठ ओढण्यासाठी वापरत. कागदावरचं: काही नाही.

दुसऱ्या दिवशी आजी प्रदर्शनाला आली. नऊवारी, डोक्यात अबोली. नातवानं तिला कार्ड वाचून दाखवलं. तिनं ते हातात घेतलं, 'खाडी' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्यो आमी नाय बोलत."

मुलीनं पेन काढलं, 'खाडी'वर एक रेघ मारली आणि वर 'खारी' लिहिलं.